टोपणातलं रबर

वन्संनी आल्या दिवशी माझे तीन ग्लास मोडीत काढले. पाणी दिलं, तर आधी ग्लास खिडकीकडे धरून गोल फिरवला, काठावर नखाने टिचकी मारली आणि म्हणाल्या, "वहिनी, ह्याला केस गेलाय." केस जाणं म्हणजे काचेला केसाएवढी चीर पडणं, त्यांच्या कारखान्यातला शब्द. मला काही दिसेना. दुसरा ग्लास आणला, त्यालाही केस. सहाच्या सेटमधले तीन बाद झाले तेव्हा त्यांच्या बॅगा अजून दारातच होत्या.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची धाकटी बहीण. बावीस वर्षं त्या बाटल्यांच्या कारखान्यात तपासणीला होत्या. पांढऱ्या उजेडाच्या पडद्यासमोरून रिकाम्या बाटल्या सरकत जायच्या आणि ह्यांनी स्टुलावर बसून त्यातली चिरलेली, बुडबुडा राहिलेली, वाकड्या मानेची बाटली उचलून बाजूला टाकायची. दर वीस मिनिटांनी मान वळवून लांबच्या कशाकडे तरी दहा आकडे होईपर्यंत बघत राहायचं, नाहीतर डोळा थकतो आणि सगळंच चांगलं दिसायला लागतं. लग्न दोनदा ठरता ठरता राहिलं. तिसऱ्यांदा कोणी विषय काढला नाही. कारखान्याजवळ एका खोलीत एकट्या राहायच्या. मग कारखान्याने कॅमेरा आणला. कॅमेऱ्याला मान वळवावी लागत नाही. वन्सं दोन बॅगा आणि झाडांवर पाणी मारायची फवाऱ्याची बाटली घेऊन माहेरी आल्या. झाडं मात्र खोलीच्या मालकिणीला देऊन आल्या होत्या.

हे सगळं ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलंही, चहाला उकळी येईपर्यंत.

आता आमच्या घराविषयी सांगते. आमच्या पोर्चमध्ये गाड्यांच्या एसीची गळती शोधायचं काम चालतं. मामंजी, म्हणजे माझे सासरे, वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी हे घरीच सुरू केलं. गॅस काय कोणीही भरेल, तो जातो कुठून हे शोधणं हेच खरं काम, असं ते म्हणतात. गॅस दिसत नाही आणि त्याचा वासही येत नाही. म्हणून त्याच्यात रंग सोडायचा, गाडी चार दिवस फिरवून आणायला सांगायची आणि मग पिवळा चष्मा लावून निळ्या दिव्याखाली पाइप न् पाइप बघायचा. जिथून गॅस निसटतो तिथे रंग हिरवट चमकतो. तेवढ्याने भागलं नाही तर साबणाचं पाणी लावायचं आणि फुगा येतो का बघत बसायचं. पण हे काहीही करायच्या आधी घड्याळं लावायची. घड्याळं म्हणजे दाब दाखवणारे दोन मीटर, एक लाल, एक निळा. त्यांच्या नळ्या इंजिनाशेजारच्या दोन तोंडांवर बसवायच्या. "आधी घड्याळ, मग हात," हा मामंजींचा नियम. दाब माहीत नसताना बॉनेटखाली डोकं घालणारा माणूस त्यांच्या लेखी अडाणी.

मी ह्या घरात आले आणि दोनच वर्षांत त्यांना काचबिंदूने गाठलं. एक डोळा गेला, दुसऱ्याने समोरचं तेवढं दिसतं, कडेचं नाही. एक दिवस त्यांनी मला हाक मारली, "सूनबाई, जरा दिवा धर." मी केर काढत होते. केरसुणी तशीच टाकून गेले. दिवा धरता धरता चमक मलाच आधी दिसली आणि त्या दिवसापासून मी मामंजींचे डोळे झाले, त्याला आता बारा वर्षं झाली. पिवळा चष्मा माझ्या मापाला घट्ट केलेला होता. लाल-निळ्या घड्याळांची लाकडी पेटी कुठे ठेवायची, ते मी ठरवायचे.

नावाने मात्र मला कोणी हाक मारत नाही. मामंजी सूनबाई म्हणतात, आमचे हे "अगं" म्हणतात, गिऱ्हाइकंही ऐकून ऐकून सूनबाईच म्हणायला लागली. फोन वाजला की मीसुद्धा "एसीवाल्यांची सून बोलतेय" असंच सांगते. ह्याचं मला कधी काही वाटलं नव्हतं. पण गेल्या थंडीत मामंजी जेवताना म्हणाले, "फाटकावरचा बोर्ड गंजलाय. नवा सांगितलाय पेंटरला. माझ्या नावाचा आता काय उपयोग? ज्याचे डोळे, त्याचं नाव." एवढं बोलून ते पानाकडे वळले. कोणाचं नाव ते सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही. विचारायचं काय त्यात? घरात डोळे होते ते माझेच. मी हात धुवायला उठले आणि नळाखाली हात धरून उगाच बराच वेळ उभी राहिले.

पेंटर आज देतो, उद्या देतो करत राहिला, आणि तेवढ्यात ह्या वन्सं आल्या.

पहिला आठवडा त्या पोर्चच्या पायरीवर बसून नुसतं बघत होत्या. दुसऱ्या आठवड्यात एका गाडीचा कंडेन्सर, म्हणजे पुढच्या जाळीमागचा गॅस थंड करणारा भाग, मी तपासून "ठीक आहे" म्हटलं, तर ह्या पायरीवरून उठल्या, वाकल्या आणि म्हणाल्या, "वहिनी, इथे केस गेलाय." मी दिवा आणला. होता. जाळीच्या मागे, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. मामंजींनी टाळी वाजवली. बारा वर्षांत माझ्यासाठी त्यांनी कधी टाळी वाजवली नव्हती. मी काही शोधलं की "हं" म्हणायचे. त्या "हं"वर मी दिवस काढायचे. मग रोजचंच झालं. "तो चष्मा तिला दे जरा," मामंजी म्हणाले. वन्संनी चष्म्याचा पट्टा सैल केला. संध्याकाळी तो माझ्या हातात परत आला तेव्हा माझ्या नाकावर टिकेना. एवढ्याशा पट्ट्यासाठी मला रडू फुटलं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.

वन्संची पद्धत अशी की एकाच सांध्यावर साबण मारून पाच-पाच मिनिटं बसायचं. मी एवढ्या वेळात अख्खी गाडी बघून होते. त्या मध्येच मान वळवून समोरच्या घराच्या टाकीकडे दहा आकडे बघायच्या आणि पुन्हा सांध्याकडे. ना घाई, ना बडबड. वागायला वाईट असत्या तरी बरं झालं असतं. भांडी घासून ठेवायच्या, माझं डोकं दुखलं तर तेल आणून द्यायच्या. रागवायचं तरी कशावर? गिऱ्हाइकं यायची आणि माझ्या खांद्यावरून आत डोकावत विचारायची, "त्या ताई आहेत का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आमचे हे एकदा म्हणाले, "गाडीतली गळती तुम्ही दोघी शोधाल. तुझ्या पोटात जे दुखतंय ते कोण शोधणार?" मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

ह्या सगळ्यात केकवालीची गाडी आली. ही बाई घरी केक करते आणि आपल्या छोट्या गाडीतून पोचवते. एसी बंद पडला की क्रीम खाली बसतं, अक्षरं ओघळतात. गाडीतला गॅस संपला होता. निळी नळी बसते त्या तोंडाचं टोपण हरवलेलं होतं. मी गॅस भरला आणि जुन्या टोपणांच्या डब्यातून एक टोपण काढलं. तेवढ्यात आतून हसण्याचा आवाज आला. मामंजी आणि वन्सं हसत होते. मामंजी असे मोठ्याने हसलेले मला आठवत नव्हते. काय चाललंय ते ऐकायला मी घाईने टोपण फिरवून बसवलं. आत रबराची गोल कडी नव्हती. ते मला दिसलं होतं. चालतंय, म्हटलं, आणि आत गेले. दोघं बाटल्यांचीच कुठली तरी गोष्ट सांगत हसत होते आणि मी दारात जाताच दोघांनी "काय झालं?" असं तोंड करून माझ्याकडे बघितलं.

तीन आठवड्यांनी केकवाली परत आली. गॅस गायब. मी रंग सोडला. चार दिवसांनी दिव्याखाली बघितलं तर कुठेच काही नाही. वन्सं म्हणाल्या, "वहिनी, ह्या तोंडापाशी चमकतंय." मी म्हटलं, "वन्सं, रंग तिथूनच तर सोडतात. सांडतो तो. पुसून टाका." मामंजीही म्हणाले, "तिथलं धरायचं नसतं." वन्संनी पुसलं. पुन्हा गॅस भरला, पुन्हा तीन आठवडे, पुन्हा केकवाली. चौथ्यांदा ती आली तेव्हा गॅस थोडाच उरला होता. तिने हातातला खोका पोर्चच्या कट्ट्यावर उघडून दाखवला. कोणाच्या तरी वाढदिवसाचा केक होता. नावातलं पहिलं अक्षर तेवढं उरलं होतं.

"आता डॅशबोर्ड उतरवावा लागेल," मी म्हटलं. "आतली हवा थंड करणारी कॉइल गेली असणार." डॅशबोर्ड उतरवायचा म्हणजे दोन दिवसांचं काम, आणि निम्म्या पट्ट्या मोडतात. केकवालीचं तोंड उतरलं.

"थांब," मामंजी म्हणाले. "आधी हिला बघू दे." हिला म्हणजे वन्संना.

वन्संनी साबणाचं पाणी भरलेली फवाऱ्याची बाटली उचलली आणि सरळ बॉनेटखाली वाकल्या. मी मध्ये हात घातला. "वन्सं, आधी घड्याळ. ह्या घरात नियम आहे." माझा आवाज चढला असणार, कारण त्या दोन पावलं मागे सरकल्या. मी पेटी उघडली, लाल नळी लाल तोंडावर, निळी निळ्यावर बसवली आणि म्हटलं, "हं, आता बघा."

तीन तास बघत होत्या. प्रत्येक सांधा, प्रत्येक पाइप, कंडेन्सरची प्रत्येक ओळ. गुडघे भरून आले की उकिडव्या बसायच्या. एकही फुगा आला नाही. मी आत-बाहेर येरझाऱ्या घालत होते, आणि खरं सांगते, मला एवढं हलकं गेल्या तीन महिन्यांत वाटलं नव्हतं. शेवटी त्यांनी पदराने मान पुसली. "बाबा, मला नाही सापडत."

"मग उद्या डॅशबोर्ड," मामंजी म्हणाले. केकवाली गाडी ठेवून चालत गेली. मामंजी आणि वन्सं पाय मोकळे करायला बाहेर पडले. मी घड्याळं पेटीत ठेवायला म्हणून नळ्या काढायला लागले. लाल काढली, टोपण लावलं. निळी काढली. टोपण खिशात चाचपत होते, तेवढ्यात माझी नजर त्या उघड्या तोंडावर गेली. वन्संच्या साबणाचं पाणी तिथे साचलं होतं. त्यातून एक फुगा वर आला. मोठा होत गेला, थरथरला, फुटला. मग दुसरा.

तोंडाच्या आत एक सुई असते, ती गॅस अडवते. सुई जरा सैल झाली तरी टोपणातलं रबर गॅसला धरून ठेवतं. आमची नळी त्या तोंडावर घट्ट बसली की गळती झाकली जाते. जितका वेळ घड्याळ लावून शोधाल तितका वेळ ती नसतेच. घड्याळ काढलं की पुन्हा सुरू. आणि दिव्याखाली चमकलं, तर ते सांडलेलं म्हणून आम्ही पुसून टाकतो. मामंजींनी मला हेच शिकवलं होतं, आणि बारा वर्षं मी ते डोळे मिटून पाळलं होतं.

टोपण खिशातून काढून बघितलं. रबर नव्हतंच. मीच लावलं होतं.

मी काय केलं ते सांगते. गॅस बाटलीत ओढून घेतला, सुई बदलली, रबराचं टोपण शोधून लावलं आणि पुन्हा गॅस भरला. दोघं फिरून आले तेव्हा मी हात धुऊन बसले होते. "मामंजी," मी म्हटलं, "घड्याळाचा काटा हललेला नाही. डॅशबोर्ड नको उघडायला. चार दिवस वापरून बघू दे तिला." सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तर चार खेपा आणि ते सगळे केक माझ्या डोक्यावर आले असते, तेही बोर्ड यायच्या तोंडावर. मी मूग गिळून बसले.

तीन आठवडे गेले, चार गेले. पाचव्या आठवड्यात, गुरुवारी, केकवाली आली ती खोका घेऊन. केक जसाच्या तसा, क्रीमची कड ताठ. तो तिने वन्संच्या हातात दिला. "ताई, तुम्ही त्या दिवशी तीन तास बसलात ना, तेव्हापासून गाडी एकदम थंड आहे!"

"मी काही केलं नाही हो," वन्सं म्हणाल्या.

"केलं नाही कसं? माझ्या डोळ्यांदेखत केलंत."

"कुठला तरी सांधा तुझ्या हाताने बसला असेल," मामंजी म्हणाले. खूश होते. "हिच्या हाताला गुण आहे." मग माझ्याकडे वळून, "सूनबाई, शनिवारी पेंटर येतोय. शिडी काढून ठेवायला सांग."

मी केक कापला. सगळ्यांना दिला. माझा तुकडा तसाच बशीत ठेवला. मी दुरुस्त केलेली गाडी, आणि नाव तिचं. आणि माझ्या तोंडाला माझंच कुलूप. मीच केलं म्हणावं, तर मीच बिघडवलं हेही म्हणावं लागणार. शुक्रवारभर मी स्वतःशी भांडत होते. ज्याचे डोळे, त्याचं नाव. पेंटरने अजून नाव घातलंही नसेल, मामंजींनी एक फोन केला की झालं. केलाही असेल.

शनिवारी सकाळी पेंटर बोर्ड घेऊन आला. वर्तमानपत्रात गुंडाळलेला, वर सुतळी. आमचे हे ड्रिल घेऊन शिडीवर चढले होते. मामंजी पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसले. वन्संनी पेंटरला पाणी दिलं, अर्थात ग्लास उजेडात बघून. पेंटर सुतळीची गाठ सोडायला लागला आणि मला एकदम सहन झालं नाही.

"थांबा!" मी म्हटलं. "केकवालीची गाडी मी नीट केली. वन्संनी नाही. मी सुई बदलली, मी टोपण बदललं. तुम्ही फिरायला गेला होतात तेव्हा."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. एकदा तोंड उघडल्यावर थांबता येईना. रबर नसलेलं टोपण मीच लावलं होतं, हे सांगितलं. लावताना ते दिसलं होतं, हेही सांगितलं. आत हसायचा आवाज येत होता म्हणून घाई केली, हेसुद्धा माझ्या तोंडून गेलं. गेले चार-पाच आठवडे सदसद्विवेक वगैरे जे काही असतं त्याने माझ्याकडून जे वदवलं नव्हतं, ते जळफळाटाने दोन मिनिटांत वदवलं.

"तरीच," वन्सं म्हणाल्या. "मी म्हणतच होते, मी काही केलं नाही."

मामंजी पेंटरला म्हणाले, "सोड ती गाठ."

पेंटरने कागद काढला. निळ्यावर पांढरी अक्षरं. "गाडीच्या एसीची गळती शोधून मिळेल." आणि खाली, त्याहून मोठ्या अक्षरांत, माझं नाव. लग्नपत्रिकेनंतर मी ते एवढं मोठं कुठे बघितलं नव्हतं.

"हे कधी सांगितलं होतं?" मी पेंटरला विचारलं.

"थंडीतच की," तो म्हणाला. "उशीर माझ्याकडूनच झाला."

"मध्ये काही बदलायला नाही सांगितलं?"

"बदलायचं काय होतं?" मामंजी म्हणाले.

शिडीवर आमचे हे ड्रिलकडे टक लावून बघत होते, म्हणजे हसू दाबत होते. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. कोणी मागितलं नव्हतं, विचारलं नव्हतं, आणि मी भर पोर्चमध्ये स्वतःचं पितळ उघडं पाडलं होतं, तेही जे आधीच माझं होतं त्याच्यासाठी.

"घड्याळाखाली गळती झाकते," मामंजी सावकाश म्हणाले. "चाळीस वर्षं माझ्या लक्षात आलं नाही." ते वन्संकडे वळले. "तू त्या दिवशी घड्याळ लावायच्या आधीच बघायला गेली होतीस ना?"

"हो. वहिनींनी थांबवलं." त्यात टोमणा नव्हता. झालं ते सांगितलं. माझा जीव त्यामुळेच तर जळायचा.

मामंजींनी खुर्चीच्या हातावर बोटं वाजवली. "सूनबाई, फोन आण. केकवालीला सांग."

"आता कशाला, मामंजी? गाडी बरी झालीये. ती खूश आहे."

"तिचे केक गेलेत. ज्याचं नाव फाटकावर, त्याने सांगायचं. माझं होतं तोवर मी सांगत आलो."

मी फोन आणला. पेंटर आणि हे बोर्ड फाटकावर धरून भोकांच्या खुणा करत होते. वन्सं रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "डावीकडे बोटभर खाली आहे." कोणालाच दिसेना. ह्यांनी दोरा धरून बघितला. बोटभरच होता. त्या वेळीसुद्धा माझ्या पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू.

पलीकडे घंटी वाजत राहिली. मग केकवालीने उचलला. मागे मिक्सरचा आवाज होता. "हॅलो, कोण बोलतंय?"

एसीवाल्यांची सून, हे शब्द ओठांपर्यंत आले होते. मी फाटकाकडे बघितलं आणि माझं नाव सांगितलं.

"कोण?" तिने मिक्सर बंद केला. तिने ते कधी ऐकलंच नव्हतं.

मी पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने, आणि म्हटलं, "तुमच्या गाडीतली गळती माझ्या हातून झाली होती."